देहाची निगा ही आसक्ती काय?

देह नाशिवंत आहे, त्याचे लाड पुरवू नका, असे मी चाळीस वर्षे कीर्तनातून सांगत आलो. गेल्या वर्षी माझ्याच हृदयाचा जोर उणावला, तेव्हा त्या सांगण्याचा मी काय सोयीस्कर अर्थ लावला, ते संतसज्जनांपुढे मांडतो.

हृदय क्षीण झाले म्हणजे अंगात पाणी साचते. पायांवर सूज येते, आडवे पडले की धाप लागते. ते पाणी उतरावे म्हणून डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. आता नारदांच्या गादीवर दोन तास उभे राहायचे, मध्येच जायचे कसे? म्हणून कीर्तनाच्या दिवशी मी गोळी चुकवू लागलो. कोणी विचारलेच, तर 'पांडुरंग आहे' म्हणून मोकळा! एका सप्ताहात सलग चार दिवस हेच केले. पाचवी रात्र उशीला टेकून, बसूनच काढली आणि सकाळी दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "महाराज, नुसतं विचारलं असतंत तर गोळीची वेळ बदलून दिली असती." मी काय बोलणार? होता तो संकोच, आणि नाव मी वैराग्याचे देत होतो.

अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायातले मी शेकडो वेळा निरूपिले. पण पहाटे लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी रोज वजन करणे, याला मी चोचले म्हणत होतो. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी समजावे आणि डॉक्टरांना कळवावे, एवढेच ते. यात आसक्ती कुठली? पखवाज रोज सुरात लावतोच ना आपण?

उपवासाचेही तसेच. सैंधव एकादशीला चालते म्हणून सढळ हाताने घालतात; पण सूज धरायला तेही मिठासारखेच. निर्जळीचे तर आधी डॉक्टरांना विचारल्यावाचून नावच काढू नये. आणि वारीत पाय दुखले की जो तो दुकानातून दुखण्यावरची गोळी घेतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या या रोग्याच्या अंगात पाणी धरून ठेवतात. दिंडीचालकांनी हे ध्यानात ठेवावे.

यंदा आळंदीहून पायी निघायचे नाही असे ठरले. जिवाला लागले, खोटे कशाला सांगू! वाखरीला गाडीने जाऊन दिंडीला मिळेन. पुढे किती चालायचे ते डॉक्टरांना विचारून ठेवले आहे. नातवाने वजनाचा काटा आताच पिशवीत घातला आहे.