उघडता येणारा ट्रॅक्टर

डाळिंबाच्या दोन ओळींमधून सहज वळणारा छोटा ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षांत थकतो. धूर वाढतो, लिफ्ट अवजार धरून ठेवत नाही, सकाळी सुरू करायचा तर रात्री उतारावर लावून ठेवावा लागतो. मग तो बांधावरच्या बाभळीखाली जातो आणि एक दिवस भंगाराच्या काट्यावर चढतो. राहाता-संगमनेरच्या डाळिंबाच्या बागा असोत की श्रीगोंद्याच्या लिंबाच्या, अहिल्यानगर जिल्ह्यात हे चित्र सगळीकडे आहे. यातले बरेच ट्रॅक्टर घरच्या अंगणात पुन्हा उभे करता येतात, आणि ते करावेत, असे मला ठामपणे वाटते. पैसे वाचतात हे खरेच, पण त्याहून मोठे कारण आहे. यंत्र ज्याला उघडता येते त्याच्याच ताब्यात ते असते. बाकीचे त्याचे हप्ते फेडत असतात.

ही जाण या जिल्ह्याला नवी नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याने पहिला हंगाम घेतला. साखर कारखान्याची रीत पाहण्यासारखी असते. गळीत संपले की गिरण्या उघडल्या जातात, झिजलेल्या रोलरांवर पुन्हा खाचा पाडल्या जातात, बेअरिंगे तपासली जातात, पंप सोडवले जातात, आणि सगळे परत जुळल्यावरच पुढच्या हंगामासाठी बॉयलर पेटतो. इतकी महागडी यंत्रे वर्षानुवर्षे चालतात ती या ऑफ-सीझनच्या कामामुळे. जो सभासद आपल्या कारखान्याची दरवर्षीची उघडझाक गृहीत धरतो, तोच दारातला ट्रॅक्टर एकदाही न उघडता मोडीत काढतो, ही विसंगती मला खटकते.

जुने डिझेल इंजिन आपला आजार लपवत नाही. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा नोझल डिझेल नीट फवारत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, बहुधा रिंगा किंवा लायनर झिजले आहेत. पांढरा धूर टिकून राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे, नाहीतर गॅस्केटमधून पाणी शिरते आहे. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडच्या फुफाट्यात पहिला बळी जातो तो एअर फिल्टरचा. जुन्या ट्रॅक्टरांत तो बहुधा ऑइलच्या वाटीचा असतो. वाटी काढायची, तळाचा गाळ खरवडायचा, डिझेलने धुऊन खुणेपर्यंत ताजे ऑइल भरायचे. हेड उतरवले की व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासता येतात. ते नीट बसले का हे पाहायला त्यांच्या खोबणीत थोडे डिझेल ओतून ठेवतात. खाली ओल दिसली की पुन्हा घासायचे. यासाठी संगणक लागत नाही, धीर लागतो. बोअरिंगला लेथवाला हवा आणि डिझेल पंपाच्या कॅलिब्रेशनला त्या कामाचे दुकान, हे मात्र घरी करू नये.

जुना ट्रॅक्टर दुरुस्त करण्यावर पहिला आक्षेप पैशाचा. नव्या यंत्राला अनुदान मिळते, मग जुन्यात पैसे का घालायचे? अनुदान खरेदीला मिळते, ते वजा जाऊनही कर्ज उरते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी खातेच १.३४ हेक्टरचे आहे. एवढ्या रानात ट्रॅक्टर वर्षातून कितीसे तास चालणार? त्यासाठी नवे कर्ज उचलण्याआधी दुरुस्तीचा हिशेब मांडलाच पाहिजे. तो कधी दुरुस्तीच्या विरुद्धही जाईल: ब्लॉकला तडा गेला असेल किंवा पार्ट मिळत नसतील तर हट्ट सोडावा. दुसरा आक्षेप धुराचा. जुने इंजिन नव्याइतके स्वच्छ होणार नाही, हे मान्य. पण १ जानेवारी २०२३ पासून आलेले कडक नियम ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांसाठी आहेत, बागेतला लहान ट्रॅक्टर त्यात येत नाही. शिवाय नोझल आणि रिंगांचे काम झालेले इंजिन आजारी इंजिनापेक्षा कमी धूर ओकते आणि डिझेलही कमी पिते.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि त्याच्यापुढे मी मान तुकवतो. अवजार फिरवणाऱ्या पीटीओच्या उघड्या शाफ्टमध्ये उपरण्याचे किंवा साडीचे टोक अडकले तर सुटायला वेळ मिळत नाही. डाव्या-उजव्या ब्रेक पेडलांना जोडणारी पट्टी गळालेली असेल तर रस्त्यावर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर वळून उलटू शकतो. म्हणून क्रम ठरलेला हवा: आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि शाफ्टवरचे कव्हर, मग इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटी. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटे होते. रंग मारून फोटो निघतो आणि ब्रेक तसेच राहतात. त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

आपले यंत्र आपण उघडण्याचा हक्क आता जगभर मागावा लागतो आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये याच विषयावर समिती नेमली आणि तिच्या यादीत शेतीची अवजारे होती. पण हक्क कागदावर आला तरी पाना धरणारा हात हवा. तो हात गावातल्या मिस्त्रीचा आहे, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्याकडे शिकायला येणारे पोर उरलेले नाही. राहुरीचे कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे, आयटीआय तालुक्यांत आहेत. त्यांनी भंगारात निघालेला एकेक छोटा ट्रॅक्टर विकत घ्यावा, मुलांच्या हाती द्यावा, आणि तो उघडण्या-जुळवण्याचे पुस्तक सोप्या मराठीत छापावे. आणि ज्यांच्या बाभळीखाली असा ट्रॅक्टर उभा आहे त्यांनी काट्यावर चढवण्याआधी एक सुट्टी काढून, मिस्त्रीला शेजारी बसवून, त्याचे हेड एकदा उतरवून पाहावे.