बोलू न शकणाऱ्याचा कैवारी कोण?



अन्यत्र मारुतिराय उड्डाणास सिद्ध उभे दिसतात; आपल्या जामसांवलीस ते पिंपळाखाली पहुडले आहेत. त्यांच्या चरणी कितीतरी कुटुंबे आपल्या दुखणाइतांना घेऊन येतात. काहींना हातही जोडता येत नाहीत, बोलताही येत नाही. अशा जीवाच्या जगण्यामरण्याविषयी शब्द काढण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे आज चिंतन करू.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी निर्घृण अत्याचार झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूस कायमची इजा झाली आणि पुढील ४१ वर्षे त्या अंथरुणाला खिळून राहिल्या. लेखिका पिंकी विरानी यांनी, त्यांना अन्न देणे थांबवून शांतपणे मृत्यू येऊ द्यावा, अशी विनंती सर्वोच्च न्यायालयास केली. तीही करुणेपोटीच होती. परंतु परिचारिका म्हणाल्या, आम्ही त्यांना सांभाळू. इतक्या वर्षांत अरुणाबाईंच्या पाठीस एकही शय्याव्रण झाला नव्हता! ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती विनंती नाकारली आणि सेवा करणाऱ्यांचा शब्द प्रमाण मानला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाबाईंचे निधन झाले.

अमेरिकेतही टेरी शायवो या स्त्रीबाबत असाच कलह झाला. असे जगणे तिला नको होते, असे पती म्हणे; तिला अन्न मिळालेच पाहिजे, असे आईवडील म्हणत. परावलंबी जीवाचे मोल इतरांनी ठरवू नये, असा आवाज अपंगांच्या संघटनांनी उठविला. अमेरिकन संसदेने खास कायदाही केला. तथापि न्यायालयांनी अन्ननळी काढण्याचा निर्णय कायम ठेवला आणि ३१ मार्च २००५ रोजी तिचा अंत झाला. तिची इच्छा कोठेही लिहिलेली नव्हती, हेच कलहाचे मूळ.

लक्ष्मण मूर्च्छित पडला तेव्हा याच्या जगण्याचा उपयोग काय, असे हनुमंताने विचारले नाही. ओषधी ओळखता येईना, तेव्हा त्याने पर्वतच उचलून आणला. उलटपक्षी, शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी मरणाची वेळ निवडली. पण ती त्यांनी स्वतः निवडली, शुश्रूषेस कंटाळलेल्या आप्तांनी नव्हे. या दोन कथांत विरोध नाही. दुसऱ्याच्या प्राणासाठी आपण झटावे, आणि स्वतःच्या अंताविषयी ज्याचे त्याने सांगावे, हाच दोहोंचा बोध होय.

आपला कायदाही आज हेच म्हणतो. प्राणघातक औषध देणे हा गुन्हाच आहे. मात्र बरे होण्याची आशा नसता कृत्रिम उपचार थांबवावेत, अशी इच्छा शुद्धीवर असताना लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली. २०२३ पासून ती रीत सुलभ झाली आहे: दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करून घ्यावी.

तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना, त्यांची वाचा शाबूत आहे तोवर, आदराने विचारा. विचारण्याआधी मात्र त्यांच्या उशाशी बसा, त्यांची कूस बदला, पाण्याचा घोट द्या. सेवेवाचून केलेला कैवार हा नुसता शब्द होय. आपला मारुतीही पहुडलेलाच आहे. म्हणून त्याची पूजा कोणी थांबविली आहे काय?

॥ श्रीहनुमंतार्पणमस्तु ॥