नमस्कार कुणाला?

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात. भाऊबीजेनंतर एकेका गावाची मंडई ठरते, माहेरी आलेल्या लेकी थांबून राहतात, दिवसा बाजार भरतो आणि रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक उभं राहतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात न अडखळता चार वाक्यं म्हणणारा पोरगा गावातल्या हौशी मंडळींनी कधीचाच हेरून ठेवलेला असतो. पुढे तोच मंडईच्या रंगमंचावर येतो. नाटक पौराणिक असलं तर कधी राम होतो, कधी कृष्ण. तो कुणाचा मुलगा, कुठल्या मोहल्ल्यात राहतो, दहावीला कसाबसा पास झाला, हे समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तरी तो मुकुट घालून आला की म्हाताऱ्या बायांचे हात जोडले जातात.

हा नमस्कार नेमका कुणाला?

प्रश्न भाबडा वाटेल, पण नाट्यविचाराच्या मुळाशी तोच आहे, आणि या मुलखाशी त्याचं नातं फार जुनं आहे. आठव्या शतकातला नाटककार भवभूती आपलं घराणं पद्मपूरचं असल्याचं सांगतो. संशोधक वा. वि. मिराशी यांच्या मते हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर हे गाव भंडारा जिल्ह्यातच होतं. भवभूतीचा नटांशी स्नेह होता. ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत तसा उल्लेख आहे. ‘उत्तररामचरिता’च्या आरंभी त्याचा सूत्रधार प्रेक्षकांना सांगूनच टाकतो की कामापुरता मी आता अयोध्येचा झालो, त्या काळातला झालो. नट आहे हे आधी कबूल करायचं आणि मगच अयोध्येत शिरायचं. भवभूतीला त्या कबुलीने नाटकाचा रंग उडेल अशी भीती वाटली नाही.

पुढे काश्मिरात श्रीशंकुकाने यावर नेमकं बोट ठेवलं. घोड्याचं चित्र पाहताना हा खरा घोडा असं आपण म्हणत नाही, हा घोडा नव्हेच असंही म्हणत नाही. घोडा असेल की नसेल अशी शंकाही घेत नाही. राम झालेल्या नटाकडे पाहणं याच जातीचं आहे. अभिनवगुप्तांनी शंकुकाचं मत खोडून काढलं आणि रसाचा ठाव प्रेक्षकाच्या अंतःकरणात दाखवला. तरी ते चित्रातलं घोडं आजही पटतं. मंडईतल्या म्हातारीला विचारून पाहावं. समोर राम आहे की शेजारचा पोरगा, असा पेच तिला पडलेलाच नसतो.

युरोपातही हा वाद झाला, पण तिथे रोख नटावर राहिला. अठराव्या शतकात फ्रेंच विचारवंत दिदरो याने इंग्रज नट डेव्हिड गॅरिकचा दाखला दिला. दोन दारांच्या फटीतून गॅरिक फक्त डोकं बाहेर काढी आणि काही क्षणांत आनंदापासून निराशेपर्यंतचे सारे भाव चेहऱ्यावरून फिरवी. दिदरोचा निष्कर्ष असा की थोर नट स्वतः काहीच अनुभवत नाही. असेलही. पण पाहणाऱ्याने हात का जोडले, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

सिनेमाचा पडदा आला तेव्हा हा प्रश्न अवघड झाला. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. त्याआधी ते मुंबईतल्या एका उपाहारगृहात कामाला होते. पडद्यावर राम दिसताच लोक लोटांगण घालत, अशा आठवणी नोंदलेल्या आहेत. त्या लोकांपैकी साळुंक्यांना ओळखणारे किती असतील? फाळक्यांना ही अडचण जाणवली असावी. ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. चित्रपटाच्या सुरुवातीला ती साधी मुलगी म्हणून दिसते, चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते, आणि मग त्याच चेहऱ्यातून कृष्ण प्रकटतो. भवभूतीच्या सूत्रधाराचं काम इथे एका चिमुरडीने केलं.

ही कबुली राहून गेली की काय होतं, ते विष्णुपंत पागनीसांकडे पाहून कळतं. ते रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, आणि पागनीस कायमचे तुकाराम झाले. तुकोबांचं रूप आठवायला सांगा, अनेकांच्या डोळ्यांपुढे आजही पागनीसच येतात. ते मुळात भजनात रमणारे, त्यामुळे ही भूमिका त्यांना ओझं वाटली नसेल. पण स्त्रीभूमिका करणारा तो गुणी नट लोकांच्या लेखी उरला नाही, याची हळहळ वाटते.

दूरच्या ब्रिटनमधला नट टॉम हॉलंड याच वाटेचा. २००८ साली लंडनच्या रंगभूमीवर ‘बिली इलियट’मध्ये शाळकरी वयात उभा राहिला, २०१६ पासून जगभरच्या मुलांचा स्पायडर-मॅन झाला. ती मुलं त्या मुखवट्याला ओळखतात; तो कुणाच्या घरचा, हे त्यांना कुठून कळावं?

पूर्व विदर्भातल्या आमच्या या झाडीपट्टीत ते कळतं, म्हणून इथली रंगभूमी मोलाची. लाखांदूरपासून जवळच्या वडसा इथल्या मंडळ्या हिवाळाभर गावोगाव नाटकं नेतात. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर ५,०००हून अधिक प्रयोग आहेत. भंडाऱ्याचा पोरगा उद्या मालिकेत किंवा चित्रपटात देव झाला, तर त्याला हात जोडणाऱ्यांना त्याचं गाव माहीत नसेल. मंडईत मात्र तो कोण हे ठाऊक असूनच बाया हात जोडतात, म्हणून तो नमस्कार पोराजवळ न अडकता रामापर्यंत जातो. ओळख भक्तीच्या आड येत नाही. उलट तिच्यामुळेच भक्ती माणसाला चिकटत नाही.

भवभूतीने हे ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात मांडून ठेवलं आहे. गंगेच्या काठी वाल्मीकींचं नाटक चालू आहे, अप्सरा सीतेची कथा करून दाखवताहेत, आणि प्रेक्षकांत खुद्द राम बसला आहे. तो भान विसरतो तेव्हा लक्ष्मण त्याला हे नाटक असल्याची आठवण देतो. तरी शेवटी रामाची शुद्ध हरपतेच. जिच्याविषयी कुजबुज केली, तिचीच कथा अयोध्येचे नागरिकही पाहताहेत. मग अरुंधतीसोबत खरी सीता येते, आणि नागरिक नमस्कार करतात तो तिला.