तक्त्याची मालकी

जळगावच्या डाळगिरणीस अथवा धुळ्याच्या तेलगिरणीस बँकेकडून खेळते भांडवल हवे असते, तेव्हा तिच्या मालखरेदीचा, उताऱ्याचा, मजुरीचा आणि व्याजाचा मेळ घालून करसल्लागार जो एक्सेलचा तक्ता सिद्ध करतो, त्यातील आकडे अशिलाचे असले, तरी त्या आकड्यांना परस्परांशी बांधणारी रचना ही सल्लागाराच्या व्यासंगाची निष्पत्ती असते. तोच तक्ता केवळ नाव पालटून, बिनपरवाना, दुसऱ्या गिरणीच्या कर्जप्रकरणात दाखल झाला, की मेहनतान्याची हानी होतेच. शिवाय एकीच्या उताऱ्यावर बेतलेली गृहीते दुसरीच्या माथी येतात आणि चुकलेल्या हिशेबाची जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

या भयाने सल्लागार शीटला पासवर्ड लावतो. परंतु ते संरक्षण सूत्र अनवधानाने पुसले जाऊ नये एवढ्यापुरतेच असून त्यास सुरक्षेचे साधन मानू नये, असे खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. आणि संपूर्ण फाइल सांकेतिक करणारा पासवर्ड कितीही भक्कम असला, तरी अशिलाला तो सांगावाच लागतो. म्हणून जे द्यावयाचे नाही, ते फाइलीत ठेवूच नये, हाच खरा बंदोबस्त.

1957 च्या कॉपीराइट कायद्याने कोष्टके आणि संकलने यांस वाङ्मयकृतींत गणले आहे. स्वतंत्र बुद्धीने केलेल्या अशा रचनेवरील हक्क नोंदणीवाचूनही उत्पन्न होतो, आणि त्याचे हस्तांतर सहीच्या लेखाविना होत नाही. तथापि कायदा राखतो ती मांडणी, तिच्यामागील कल्पना नव्हे. यास्तव तक्ता कोणी, कोणत्या कामापुरता वापरावा आणि तो त्रयस्थाच्या हाती देता येईल काय, हे काम स्वीकारतानाच करारनाम्यात नमूद झाले पाहिजे.

मात्र मालकीचे रक्षण म्हणजे ज्ञानाची कोंडी नव्हे. जुन्या घराण्यांतील बंद दप्तरे उघडून इतिहासाची साधने प्रकाशात आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच निवर्तले, आणि त्यांचा संग्रह जपण्यासाठी पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्या नगराने दप्तर जपणे आणि दप्तर खुले करणे ही दोन्ही कर्तव्ये एकत्र नांदविली, तेथे हा विवेक परका नसावा. कर्ज फेडणार अशील. तेव्हा आपला आकडा कसा निघाला, याची रुजुवात करण्याचा त्याचा अधिकार अबाधित आहे. सल्लागाराने त्याला हिशेब पूर्ण उलगडून दाखवावा आणि पुनर्वापराचा हक्क तेवढा लेखी राखून ठेवावा. व्यवसायाची प्रतिष्ठा आणि अशिलाचा विश्वास या दोहोंना न्याय देणारा मार्ग हाच आहे.