स्थावर राज्ये, जंगम वाणी

॥ ॐ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

बसवादी शरणांच्या वचनांचे चिंतन करताना ‘स्थावर’ आणि ‘जंगम’ हे दोन शब्द पदोपदी भेटतात. एके ठिकाणी उभे राहते ते स्थावर. चालते, फिरते, देहाबरोबर जाते ते जंगम. पुष्कळ भक्त या शब्दांचा अर्थ देऊळ आणि स्वामी एवढाच घेतात. तो अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. या महिन्यात हाच विवेक आपण इतिहासाला लावून पाहू. साम्राज्य हेही एक स्थावरच होय. मग राज्ये बुडाल्यावर धर्म कशाच्या आधाराने टिकतो?

आशिया खंडाच्या मध्यभागी, तकलामकान वाळवंटाच्या उत्तर कडेला, कूचा नावाचे एक लहान राज्य होते. व्यापाऱ्यांचे तांडे तेथून पूर्वेकडे जात. या कूचा नगरीत इ. स. ३४४ च्या सुमारास कुमारजीवाचा जन्म झाला. पिता कुमारायण भारतातून तेथे गेलेला, माता जीवा तेथल्या राजाची बहीण. पुढे मातेने भिक्षुणीव्रत घेतले आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन ती अध्ययनासाठी काश्मीरला आली. हा मुलगा पुढे मोठा बौद्ध पंडित झाला. तो आपल्या पंथाचा नव्हता. परंतु ज्ञान ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून ते घ्यावे, यात शरणांना कधी कमीपणा वाटला नाही.

कुमारजीवाची कीर्ती चीनपर्यंत पोहोचली आणि तीच त्याच्यावर संकट होऊन आली. उत्तर चीनचा राजा फू ज्येन याने सेनापती ल्यू ग्वांग याला मोठ्या सैन्यासह पाठविले. इ. स. ३८४ मध्ये कूचा पडले आणि कुमारजीव बंदिवान झाला. सेनापती परतीच्या वाटेवर असतानाच राजाचा अंत झाला. तेव्हा त्याने वाटेत लिआंगझोऊ येथे स्वतःचेच राज्य मांडले आणि या पंडिताला सुमारे १७ वर्षे तेथे अडकवून ठेवले.

त्या १७ वर्षांत कुमारजीवाने काय साधले? तो चिनी भाषा शिकला! ज्यांनी आपले नगर जिंकले त्यांची भाषा त्याने आत्मसात केली. इ. स. ४०१ च्या अखेरीस तिसऱ्या एका राजाने, याओ शिंगने, त्याला चांगआन या राजधानीत सन्मानाने नेले. तेथे शेकडो भिक्षूंच्या सभेत तो मूळ ग्रंथ हाती धरून चिनी भाषेत अर्थ सांगे, सभेत चर्चा होई, जुनी भाषांतरे ताडून पाहिली जात आणि मगच लेखणी चाले. सद्धर्मपुंडरीक, वज्रच्छेदिका, विमलकीर्तिनिर्देश हे ग्रंथ असे चिनी भाषेत आले. भाषांतराची मर्यादाही त्याला ठाऊक होती. दुसऱ्याने चावून दिलेल्या भातासारखे ते असते, चव तर जातेच, वर किळसही येते, अशा आशयाचे त्याचे म्हणणे परंपरेने जपले आहे.

आता हिशेब पाहा. फू ज्येनच्या घराण्याचे राज्य इ. स. ३९४ मध्ये संपले. ल्यू ग्वांगचे राज्य ४०३ मध्ये संपले. याओ शिंगचे राज्य ४१७ मध्ये संपले. ज्या तीन सत्तांनी एका माणसासाठी ओढाताण केली, त्यांची नावे आज अभ्यासकांखेरीज कोणी घेत नाही. आणि त्या बंदिवानाची वाणी? चीन, कोरिया, जपान येथे १६०० वर्षांनंतरही तिचा नित्यपाठ चालतो.

आता दुसरी बाजू. ऐहोळेच्या ‘पाचशे’ व्यापाऱ्यांचा महासंघ आपल्याच कानडी मुलखातला. त्याचे लेख कर्नाटक-तमिळनाडूत आढळतातच, पण समुद्रापार सुमात्रा बेटावर बारूस येथे इ. स. १०८८ चा तमिळ शिलालेख त्याचे नाव सांगतो. समुद्रमार्गे जाणारे हे दक्षिणी व्यापारी चीनच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. च्वानझो बंदरात त्यांनी शिवमंदिर उभारले. कुबलाई खानाच्या राजवटीतला, इ. स. १२८१ चा तमिळ शिलालेख त्याची साक्ष देतो. लिंगाची पूजा करणारा हत्ती कोरलेली शिळाही तेथे सापडते.

पुढे १३५७ ते १३६६ या काळात त्या बंदरात बंडाळी माजली, परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती मोडली. १३६८ मध्ये मंगोल सत्ताही गेली. शिवमंदिराचे कोरीव दगड आज तेथल्या काइयुआन या बौद्ध विहारात बसविलेले दिसतात. दगड राहिले, पूजा गेली. त्या व्यापाऱ्यांची भक्ती कमी होती असे कोण म्हणेल? परंतु ती आपल्या वसाहतीत, आपल्या भाषेत, आपल्या भिंतींत राहिली. वसाहत उठली, तशी पूजाही उठली.

सद्भक्तहो, या दोन चित्रांच्या मध्ये आपले कल्याण ठेवून पाहा. बाराव्या शतकातील कल्याण ही मोठी राजधानी. चालुक्यांकडून ती कलचुरी बिज्जळाकडे गेली. तेथे महात्मा बसवण्णांनी कायक आणि दासोहाचा मार्ग सांगितला, तेव्हा दूरदूरचे लोक ओढले गेले. काश्मीरचे राज्य सोडून आलेले मोळिगे मारय्या कल्याणात लाकडाच्या मोळ्या विकून दासोह करीत. मरुळशंकरदेव अफगाण भूमीतून आले. आदय्या सौराष्ट्रातून आले, असे परंपरा सांगते. कुणालाही ‘तुझे राज्य कोणते’ असे विचारले गेले नाही; ‘तुझे कायक कोणते’ एवढेच विचारले गेले.

इ. स. ११६७ च्या सुमारास कल्याणात क्रांतीचा वणवा पेटला. राज्य हादरले, शरण दाही दिशांना पांगले. त्यांनी बरोबर काय नेले? मंदिर नेता येत नाही. अंगावर इष्टलिंग होते आणि काखेत वचनांच्या ताडपत्रांचे गठ्ठे होते. ती वचने राजसभेच्या संस्कृतात नव्हती. मोळी विकणाऱ्याच्या, चांभाराच्या, नावाड्याच्या कानडीत होती. म्हणून राज्य गेले तरी वचने राहिली. पुढे आपल्या मराठी मुलखात मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ मराठीत लिहिले, तेही याच कारणाने.

हे सारे सांगण्याचे कारण ऐका. अनेक माता-पिता मठात येऊन व्याकूळ होऊन विचारतात, “स्वामीजी, मुले हैदराबादला, पुण्याला, परदेशाला गेली. नातवंडांना ना धड कानडी येते, ना मराठी. आमच्यामागे हे लिंग कोण पुजणार?” ही चिंता खरी आहे. तिला ‘सर्व ठीक होईल’ असे उत्तर देणे म्हणजे फसवणूक होय. च्वानझोच्या दगडांनी दाखविले आहे की भक्ती असूनही परंपरा संपू शकते.

पण उपाय आपल्याच हाती आहे. गावी मोठे सभागृह बांधले, कमानीवर नाव कोरले, म्हणजे धर्म राखला असे समजू नका. स्थावराची निंदा आम्ही करीत नाही. मठालाही छप्पर लागते. मात्र छप्पर हा साधकाचा निवारा आहे, साधना नव्हे. नातवाला जी भाषा कळते, त्या भाषेत त्याला एक वचन समजावून सांगा. ती हिंदी असो, तेलुगू असो, इंग्रजी असो, संकोच धरू नका. कुमारजीव जेत्यांची भाषा शिकला. आपल्याच नातवाची भाषा शिकायला आपल्याला जड का जावे? आणि अर्थ सगळा चावून भरवू नका. मूळ वचन त्याच्या तोंडी बसू द्या, त्याला प्रश्न विचारू द्या, त्याचा अर्थ त्याला शोधू द्या. आपल्याला उत्तर आले नाही तर दोघे मिळून शोधा. अनुभवमंटपात दुसरे काय चालत असे?

आणि त्याहून मोठी भाषा आचरणाची. परमुलखात शेजाऱ्याला आपले वचन कळणार नाही; पण आपले प्रामाणिक कायक आणि आपल्या घरचा दासोह त्याला भाषांतराशिवाय कळतो. जेथे तुम्ही, तेथे तुमच्या तळहातावर लिंग. मग ते गाव परके कसे?

राज्ये येतील, जातील. तुम्ही चालते राहा, वाणी चालती ठेवा. बसवादी शरणांची कृपा आपणा सर्वांवर राहो.

शरणु शरणार्थी.