पाळणाऱ्याने काय काय पाळावे

मराठीत 'पाळणे' ह्या क्रियापदाइतके फसवे क्रियापद दुसरे नसेल. आपण कुत्रा पाळतो, मांजर पाळतो, कोंबड्या पाळतो. आणि त्याच क्रियापदाने शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो, सोयरसुतक पाळतो. पहिल्या यादीत आपण धनी असतो, दुसऱ्या यादीत चाकर. कुत्र्याला आपण 'बस' म्हणतो आणि तो बसतो, निदान बसावा अशी अपेक्षा असते. पथ्याच्या बाबतीत मात्र डॉक्टर 'लोणचं बंद' म्हणतात आणि आपण बरणी मुकाट्याने खाली ठेवतो. एकाच शब्दाच्या घरात धनी आणि चाकर कसे नांदतात, हा प्रश्न मला शाळेत व्याकरणाच्या तासाला पडला नाही, पस्तीस वर्षांच्या नोकरीत पडला नाही. तो पडला वयाच्या ६८व्या वर्षी, टेक्सासात मुलीकडे राहायला गेलो असताना; आणि पाडला तो जेमतेम सव्वाशे ग्रॅम वजनाच्या एका प्राण्याने. सव्वाशे ग्रॅम बाकरवडी मागितली तर आमच्या पुण्यातला दुकानदार 'एवढीच?' असं विचारतो. (डोळ्यांनी.)

ह्या प्राण्याचं नाव शुगर ग्लायडर. मुलीने फोनवर 'आमच्याकडे दोन शुगर ग्लायडर आहेत' असं सांगितलं तेव्हा मला वाटलं, जावईबापूंना मधुमेह निघाला आणि ही त्यावरची नवी उपकरणं असावीत. प्रत्यक्षात तो निघाला ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलांतला, कांगारूच्या गोतातला, पोटाला पिशवी असलेला प्राणी. अंग राखाडी, पाठीवर काळा पट्टा, डोळे तोंडाच्या मानाने फारच मोठे. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत दोन्ही बाजूंना कातडीचा पडदा असतो. झाडावरून उडी मारली की हा पडदा छत्रीसारखा उघडतो आणि स्वारी चांगली ५० मीटरपर्यंत तरंगत जाते. दिसायला उडत्या खारीसारखा, पण खारीशी नातं काही नाही. पिल्लू जन्मतं ते तांदळाच्या दाण्याएवढं, आणि पुढचे दोन-सव्वादोन महिने आईच्या पिशवीतच राहतं.

नातीने दोघांची नावं कोको आणि बिस्किट अशी ठेवली होती. आमच्या सौ.ने पहिल्याच दिवशी त्यांचं गंप्या आणि चिंगी असं नामांतर केलं. गंप्याच्या डोक्यावर मधोमध टक्कल होतं. "अहो, हा तर थेट तुमच्यावर गेलाय," असं तिने मुलीदेखत जाहीर केलं. नराच्या डोक्यावरचं हे टक्कल म्हणजे वासाची ग्रंथी असते. ते घासून तो आपल्या कुटुंबाला आपला वास लावून ठेवतो. टकलाचा संसारात असाही उपयोग होतो हे ऐकून मला जरा बरं वाटलं. पण पिल्लांची पलटण नको म्हणून गंप्याचं खच्चीकरण झालं होतं, आणि तसं केल्यावर टकलावर पुन्हा हळूहळू केस येऊ लागतात असं जावईबापूंनी सांगितलं. त्या दिवसापासून मी केस उगवण्याच्या तेलांच्या जाहिराती वाचणं सोडलं.

हे जोडपं घरात आलं ते नातीच्या नवव्या वाढदिवसाला, एका जत्रेतून. विकणाऱ्याने खात्री दिली होती, "काही करावं लागत नाही. रोज सफरचंदाची एक फोड आणि ह्या डब्यातल्या गोळ्या. बस्स!" काही महिन्यांनी चिंगीला मागचे पाय ओढवेनात. असल्या प्राण्यांचे वेगळे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी सांगितलं की शरीराला कॅल्शियम कमी पडलं की हा प्राणी ते स्वतःच्या हाडांतून काढतो. सफरचंदाच्या फोडीवर चिंगी आपलीच हाडं खात होती. वेळेवर कळलं म्हणून पाय परत आले. आणि तेव्हापासून त्या घरात खऱ्या अर्थाने पाळणूक सुरू झाली, म्हणजे माणसांची.

रविवारी सकाळी मुलगी मध, उकडलेलं अंडं, तान्ह्या बाळांना देतात ती खिमट, कॅल्शियमची आणि जीवनसत्त्वांची पूड असं सगळं काट्यावर मोजून घुसळते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. ऑस्ट्रेलियातल्याच लेडबीटर पोसम नावाच्या एका भाऊबंदाच्या नावाने हे मिश्रण ओळखलं जातं. रोज संध्याकाळी त्याचा ठरलेला तुकडा, सोबत चिरलेली फळं आणि भाज्या, आणि मोजून काही जिवंत अळ्या. ह्या अळ्यांचा डबा फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी असे. आमच्या सौ.ने चार दिवस श्रीखंडाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी तिने डब्यांवर देवनागरीत चिठ्ठ्या डकवल्या.

सौ.चा सगळा स्वयंपाक अंदाजाने चालतो. 'किती मीठ?' ह्या प्रश्नाला तिच्याकडे 'लागेल तेवढं' हे एकच उत्तर आहे. इथे मात्र अंदाज चालत नव्हता. कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट हवं. मका ह्यांना आवडतो, पण त्यात फॉस्फरस जास्त, म्हणून तो बेतानेच. चॉकलेट वर्ज्य. कांदा-लसूण वर्ज्य. "म्हणजे बारा महिने चातुर्मासच की!" सौ. म्हणाली, आणि तिथून तिची त्यांच्याशी गट्टी जमली. पुढे तिला कळलं की जंगलात हे प्राणी फुलांतला मध, पराग आणि किडे खातात, निलगिरीचा रस चाटतात आणि बाभळीच्या जातीच्या झाडांची साल कुरतडून डिंक खातात. लेकीला लाडू करून घालायला तिने पुण्याहून बाभळीचा डिंक नेलाच होता. डॉक्टरांना विचारून त्यातली चिमूटभर पूड दिली, तर गंप्याने वाटी चाटून लखलखीत केली. "माहेरचं खाणं ते माहेरचं खाणं," असं म्हणून सौ.ने डोळ्यांना पदर लावला. डोळे नक्की कुणाच्या माहेरासाठी भरून आले होते हे मी विचारलं नाही.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती रात्री. भारत आणि टेक्सास ह्यांच्यात त्या दिवसांत साडेदहा तासांचा फरक होता, आणि माझं शरीर पुण्याची वेळ पाळत होतं. घर झोपलेलं, मी टक्क जागा, आणि हे दोघे तर जातिवंत निशाचर. उंच पिंजऱ्यात ते वरून खाली, खालून वर झेपा घेत. मध्येच गंप्या कुत्र्याच्या पिल्लासारखा भुंके. दिवसा मात्र दोघे कापडी पिशवीत गुरगटून झोपत. ही पिशवी गळ्यात अडकवून मालकाने घरभर फिरायचं असतं, म्हणजे त्यांना मालकाचा वास ओळखीचा होतो. आजीच्या चंचीसारखी ती पिशवी गळ्यात घालून मीही वर्तमानपत्र वाचत असे. ह्याला तिकडे बंध जुळणं म्हणतात. आपल्या भाषेत बंध म्हणजे जिव्हाळाही आणि दोरीही.

गंमत अशी की ज्या नातीसाठी हे प्राणी आणले, ती झोपली की हे उठणार आणि ती उठली की हे झोपणार. दोघांच्या आयुष्याची भेट संध्याकाळी तासभर.

अशाच एका संध्याकाळी तिने विचारलं, "आबा, ते इथे खूष असतील का रे?"

आता आजोबा ह्या पदावर असलेल्या माणसाने अशा वेळी 'हो तर!' म्हणून मोकळं व्हायचं असतं. आणि 'हो' म्हणायला आधारही होता. जंगल म्हणजे काही नंदनवन नव्हे. तिथे घुबड आहे, घोरपडीचे थोराड भाऊबंद आहेत, दुष्काळ आहे. इथे वेळेवर जेवण, डॉक्टर, गारठ्यात ऊब. नीट सांभाळलं तर हा प्राणी १२ ते १५ वर्षंही जगतो. पण मला माझंच तिथलं आयुष्य आठवत होतं. मलाही वेळेवर जेवण होतं, गार-गरम हवा यंत्राने राखलेली होती, आणि लेकजावई इतके प्रेमळ की मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नसत. फक्त त्या गावात मोटारीशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही, आणि मला मोटार चालवता येत नाही. कुंपणाच्या आत तीन फेऱ्या मारायच्या आणि वर यायचं. मी दुःखी होतो का? मुळीच नाही. पण माझ्या कपाटात परतीचं तिकीट होतं.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. किमान १५,००० वर्षं तो माणसाबरोबर आहे. माणसाच्या शेकोटीजवळ तो बऱ्याच अंशी आपल्या पायांनी आला. मांजर धान्याच्या कोठारात उंदरांसाठी आलं आणि कोठाराचं मालक होऊन बसलं. हे व्यवहार दोन्ही बाजूंनी ठरले. शुगर ग्लायडर अमेरिकेच्या बाजारात रुळला तो १९९०च्या दशकात. तिथल्या पाळीव ग्लायडरांचं मूळ इंडोनेशियाच्या पश्चिम पापुआत सापडतं. ५० मीटर तरंगणाऱ्याला दोन मीटरच्या पिंजऱ्यात आणताना त्याची सही कोणी घेतली नव्हती. पण ह्यात अमेरिकेकडे बोट दाखवायचं कारण नाही. आमच्या वाड्यातही दर दोन बिऱ्हाडांमागे एक राघू मिरची खात 'विठू विठू' म्हणायचा, आणि आम्ही कौतुकाने ऐकायचो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आता राघू पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे, पण पिंजऱ्याचं दार उघडावं असं वाड्यात कुणालाच वाटलं नव्हतं.

"मग सोडून द्या ना त्यांना," जावईबापूंचे एक मित्र चहा पिता पिता म्हणाले. सोडून देणं ऐकायला फार छान वाटतं. सोडणाऱ्याला तर फारच. पण २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासात जी थंडी पडली तिने माणसं मेली. पापुआच्या ह्या पाहुण्यांनी तिथे काय करावं? आणि समजा तगले, तर? एकोणिसाव्या शतकात माणसांनी हाच प्राणी टास्मानिया बेटावर नेला. तिथे तो झाडांच्या ढोलीत शिरून स्विफ्ट पोपटाची अंडी, पिल्लं आणि अंड्यांवर बसलेली मादीसुद्धा खातो, आणि तो पोपट आज नामशेष व्हायच्या वाटेवर आहे. आपल्या पिशवीत गोड झोपणारा जीव तिकडे दरोडेखोर ठरतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याला जागा आपण नेमून दिली. कॅलिफोर्निया, अलास्का आणि हवाई ह्या राज्यांनी हा प्राणी पाळायलाच मनाई केली आहे ती उगाच नव्हे.

म्हणजे ठेवणं बरोबर की नाही याची शंका, आणि सोडणं तर नक्कीच चूक. अशा वेळी माणसाला वाटतं, हक्कच संशयास्पद असेल तर जबाबदारीही तेवढीच सैल. माझं मत नेमकं उलटं झालं. ज्याने आपल्याकडे यायचं ठरवलं नाही, ज्याला जायचं ठिकाण आपण ठेवलं नाही, त्याचं देणं आपल्यावर सगळ्यांत जास्त. कुत्रा निदान आपली बाजू शेपटीने मांडतो. हा बिचारा पाय लुळे पडेपर्यंत बोलत नाही. एकटा ठेवला तर झुरतो, स्वतःचेच केस उपटतो. स्वित्झर्लंडने २००८च्या नियमांत गिनीपिगला एकटं ठेवायला मनाई केली. सोबत ही चैन नसून गरज आहे, हे तिथे सरकारी कागदावर आलं. आपल्याकडे एकट्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत अजून यायचं आहे.

नातीला मी हे सगळं सांगितलं नाही. मी एवढंच म्हणालो, "खूष आहेत का ते मला कळत नाही. पण चिंगीचे पाय बरे आहेत, हे कळतं."

ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग बोटांवर हिशेब करू लागली. ती ११ वर्षांची, हे दोघे दोनच वर्षांचे. ते १५ वर्षं जगले तर ती तेव्हा २४ची असेल. मध्ये कॉलेज येणार. "मग मी जवळच्याच कॉलेजात जाईन," ती म्हणाली. अकरा वर्षांच्या पोरीने सव्वाशे ग्रॅमसाठी आपलं कॉलेज गहाण टाकावं हे बघून मला गलबलून आलं. तेवढ्यात भांडी लावता लावता मुलगी म्हणाली, "काही नको. पैसे मी आणि बाबाने दिलेत. तू जा कुठे जायचं तिथे, हे दोघे आमच्याकडे राहतील." जावईबापूंनी मान हलवली आणि पिंजऱ्याखालचा कागद बदलायला गेले. ह्या प्राण्यांना शी-शूची जागा शिकवता येत नाही, त्यामुळे ते काम रोजचं.

पुढच्या आठवड्यात नातीची मैत्रीण आली आणि दोघांना पाहून विरघळली. तिलाही जोडी हवी होती. नातीने तिच्या हातात मिश्रणाचा कागद ठेवला आणि अट घातली: आधी पंधरा दिवस हे रोज करायचं, वाटीत काढायचं, सकाळी टाकून वाटी घासायची, रात्री दोनदा उठायचं, मग घे. वेळ पाळता आली, पथ्य पाळता आलं, तरच प्राणी पाळायचा, असा त्या अटीचा मराठी अर्थ. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम मी कधी वाचला नव्हता.

मैत्रिणीने चौथ्या दिवशी गोल्डफिश घेतला. आता त्या गोल्डफिशलाही स्वतःचं काही म्हणणं असणारच. पण ते ऐकायला तिच्याकडचे आबा अजून यायचे आहेत.