सोंगटी त्यालाच सरकवू द्या

सहा वर्षांचं मूल सापशिडी खेळताना त्याचं बोट पाहा. सोंगटी सातच्या घरात असते, फाशावर तीन पडतात. मूल सातवरच बोट ठेवून म्हणतं, "एक." मग आठवर "दोन", नऊवर "तीन". सोंगटी नऊवर थांबते. शेजारच्या मोठ्या माणसाला राहवत नाही. "अरे, दहा!" असं म्हणून तो सोंगटी पुढे सरकवूनही टाकतो. उत्तर बरोबरच असतं. पण सात आणि तीन दहा हे त्या मोठ्या माणसाला आधीपासून येतंच होतं!

वहीत नुसतं चुकलेलं उत्तर दिसतं. पटावर मात्र चूक नेमकी कुठे झाली, ते बोट दाखवतं. अशा वेळी गप्प राहावं आणि आपली पाळी आली की आपली सोंगटी मोठ्याने मोजत न्यावी. तीही एक, दोन, तीन अशी नाही. सातवर असाल तर आठ, नऊ, दहा. फरक किरकोळ वाटतो, पण तसा नाही. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सिग्लर या अमेरिकन अभ्यासकांनी २०१४ साली बालवर्गातल्या मुलांबाबत हेच दाखवलं. शंभरपर्यंतच्या पटावर जी मुलं पुढचे आकडे म्हणत गेली, त्यांची संख्यांची समज वाढली. दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना खेळाचा तसा उपयोग झाला नाही.

पट विकत आणलेलाच हवा असंही नाही. फरशीवर खडूने पंचवीस घरं आखली की अष्टाचंग सुरू. फोडलेले चार चिंचोके टाकायचे. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. थोड्या दिवसांत मूल पांढरे मोजायचंच सोडतं, नजर पडताच "तीन" म्हणून मोकळं होतं. मग येते खरी मजा. "तुझी सोंगटी मारायला मला किती पडायला हवेत?" असं ते स्वतःच विचारतं. ही वजाबाकी आहे हे त्याला सांगायची काही गरज नाही. सांगितलंत तर कदाचित खेळ तिथेच थांबेल.

आज संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एवढंच करून पाहा. डाव अर्धा राहिला तर राहू द्या, सोंगट्या उचलू नका. आणि मूल मोजत असताना उत्तर ओठांवर आलं तरी ते तिथेच ठेवा. मुद्दाम हरायचं मात्र नाही. मुलांना ते लगेच कळतं आणि राग येतो. तुम्ही खरोखर पुढे गेलात, की ते तुमचीही घरं मोजायला लागतं, बाबांना पोचायला किती उरली ते बघायला.